सालवड ते समुद्रतळ, व्हाया वसई

पालघर जिल्ह्याच्या बोईसर–तारापूर पट्ट्यात, औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या सालवडहून चिंचणी, नांदगाव किंवा नवापूर यांपैकी कोणत्याही किनाऱ्यावर पोहोचण्यासाठी एक रिक्षा, थोडी घासाघीस आणि तासाभराची सवड एवढी सामग्री पुरेशी असते. असे असूनही येथील नोकरदार कुटुंब जेव्हा ‘यंदा समुद्राला जायचेच’ असे ठरवते, तेव्हा ते रेल्वे आरक्षणाचे संकेतस्थळ उघडते, अख्खे कोकण ओलांडते आणि तारकर्लीला, म्हणजे त्याच अरबी समुद्राच्या काठी, जाऊन उतरते. या वर्तनाचे एक कारण भौतिक आहे. खंबायतच्या आखाताजवळच्या या भागात भरती-ओहोटीचा पल्ला मोठा, किनारा उथळ आणि नद्यांनी आणलेला गाळ रोज दोनदा ढवळला जाणारा, त्यामुळे येथे पाण्यात डोके घातलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसेलच अशी हमी देता येत नाही. उलट तारकर्ली-मालवणच्या बाजूला खडकाळ तळ, थोडेफार प्रवाळ आणि पावसाळा सरला की हळूहळू निवळत जाणारे पाणी. दुसरे कारण सामाजिक असून ते पहिल्यापेक्षा बलवान आहे: रिक्षाने जाता येते अशा ठिकाणाला सहल म्हणण्याची पद्धत नाही.

या हौसेचे अलीकडचे रूप म्हणजे ‘स्कूबा डायव्हिंग’. पाठीवर दाबाने भरलेल्या हवेचा सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरातील प्रचंड दाबाची हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाला आणून श्वासागणिक हवी तेवढीच सोडणारी झडप, डोळे व नाक दोन्ही झाकणारा काचेचा मुखवटा आणि कमरेला शिशाची वजने, असा हा सरंजाम असतो. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये, झाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी ही योजना बरीचशी आजच्या रूपाला आणली. पाण्याखालच्या माणसाच्या बहुतेक अडचणींचा या जोडगोळीने विचार केला होता. शिशाची वजने लावण्याआधीच आपण बुडणार अशी ज्याची खात्री झालेली आहे, त्या पन्नाशीच्या गृहस्थाचा मात्र त्यांना विसर पडला असावा.

सालवडमधील एखाद्या सोसायटीत ही इच्छा आपोआप उगवत नाही. तिचे बी बहुधा परदेशातून येते. ह्यूस्टनला स्थायिक झालेला मावसभाऊ नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब मेक्सिकोतील कानकुनला जातो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर निळ्या पाण्याची छायाचित्रे, भारतात मध्यरात्र असताना, एकामागून एक सोडू लागतो. कानकुन हे १९७० च्या दशकात मेक्सिकोच्या सरकारने जवळजवळ ओसाड वाळूच्या पट्टीवर पर्यटनासाठी ठरवून उभे केलेले शहर. समोरच्या समुद्रात सुमारे १,००० किलोमीटर लांबीची, जगात दुसऱ्या क्रमांकाची मानली जाणारी प्रवाळभिंत. तेथील रिसॉर्टांत ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ नावाची व्यवस्था असते: पाहुण्याच्या मनगटावर एक रंगीत पट्टा बांधला जातो आणि तो पट्टा असेपर्यंत खाणे, पिणे व पुन्हा खाणे यांचे वेगळे बिल येत नाही. ‘पैसे वसूल’ या तत्त्वावर पोसलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था विश्रांती मुळीच मिळू देत नाही, कारण पट्टा मनगटावर असताना झोपणे म्हणजे शुद्ध नुकसान होय.

“वहिनी, इथे सगळं इन्क्लूडेड आहे,” ह्यूस्टनहून संदेश येतो.

“भाऊजी, जेवणाचं काय पण?”

“राजम्यासारखी उसळ आणि मक्याची पातळ भाकरी.”

“एवढ्यासाठी एवढ्या लांब गेलात?”

या संवादात भाऊजी एक गोष्ट सांगत नाहीत: मेक्सिकन जेवण मिळमिळीत निघाले तर, या भीतीपोटी त्यांनी बॅगेत हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बरणी नेलेली असते. मिरचीची लागवड माणसाने प्रथम ज्या प्रदेशात केली तो मेक्सिको, आणि ती भारतात आणली पोर्तुगीजांनी; म्हणजे मिरचीला चार-पाचशे वर्षांनी माहेरी पोहोचवण्याचे पुण्य नकळत त्यांच्या पदरी पडते. पालघरवाल्यांनीही या देशाला अगदीच परके समजण्याचे कारण नाही, कारण ज्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो चिकूही मुळात युकातान व मध्य अमेरिकेकडचाच. छायाचित्रांत न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सारगॅसम. हे तपकिरी तरंगते शैवाल २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी वाहून येऊ लागले असून ते कुजल्यावर हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा, वास सुटतो. ज्याने रासायनिक कारखान्यात नोकरी केली आहे, त्याला या अनुभवासाठी विमानभाडे भरण्याची गरज नसते.

तरीही छायाचित्रांचा व्हायचा तो परिणाम होतोच. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्याला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, ही सोय ह्यूस्टनच्या उपयोगाची, सालवडच्या नाही. त्यातून विमानाच्या तिकिटांची बेरीज मोबाइलवर एकदा होते, आकड्यातली शून्ये पुन्हा मोजली जातात आणि घरात काही काळ फक्त पंख्याचा आवाज येतो. मग कुटुंबप्रमुख, जो कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर असतो आणि घरातही त्याच पदावर असल्याचा त्याचा समज असतो, घसा खाकरून “आपला समुद्र काय वाईट आहे?” असे विचारतो. अंदमानचे नाव निघते आणि विमानभाड्यापाशीच गळते. उरते तारकर्ली, जेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाच्या हाती सोपवून उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणण्याची सोय आहे. (प्रस्तुत अभ्यासकाला पोहता येत नाही, त्यामुळे या विषयातील त्याची मते खोल नसली, तरी पोटतिडकीची आहेत.)

पंधरा मिनिटांच्या या बुडीसाठी लागणारी तयारी किती व्हावी याला शास्त्रात मर्यादा सांगितलेली नाही. पहिला अडसर रजेचा. साहेबाकडे चार दिवसांची रजा मागताना ‘फिरायला जातोय’ असे खरे कारण देणे हे औद्योगिक शिष्टाचारात बसत नसल्यामुळे अर्जात कंबरदुखीचा उल्लेख येतो. पुढे काही दिवसांनी डायव्हिंगवाल्यांचा वैद्यकीय फॉर्म भरण्याची वेळ येते. त्यात दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया अशा गोष्टी विचारलेल्या असतात, कारण पाण्याच्या दाबाखाली यांपैकी कोणतीही जिवावर बेतू शकते. रजेच्या अर्जात ज्याला वाकताही येत नव्हते, तोच माणूस या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून ठणठणीत बरा होतो. त्याची बहीण, म्हणजे मुलाच्या आत्याबाई, मात्र नेमके उलट करतात. प्रकृतीबद्दल लेखी विचारणा झाल्याचा त्यांच्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग असल्याने त्या रकाना भरून मागच्या पानावर जातात, आणि ‘पित्त, विशेषतः साबुदाणा खाल्ल्यावर’ ही नोंद करू द्यावी असा आग्रह धरतात.

दुसरा अडसर रेल्वेचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, त्यामुळे पूर्वी चार महिने चालणारी चिंता आता दोन महिन्यांत उरकावी लागते. आरक्षण सकाळी आठ वाजता उघडते. सुपरवायझर त्या वेळी फर्स्ट शिफ्टला असतो. तिकिटाचे पैसे त्याच्या खात्यातून जायचे असतात. खात्याचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. आणि ज्वालाग्राही रसायने हाताळणाऱ्या प्लांटमध्ये मोबाइल नेण्यास बंदी असल्याने तो मोबाइल गेटवरच्या खणात बंद असतो. घरी मुलगा लॅपटॉपपुढे बसून ‘बाबा, ओटीपी’ असे संदेश पाठवत राहतो आणि ते सगळे ओटीपीच्या शेजारी, त्याच खणात, जमा होत जातात. शिफ्ट सुटेपर्यंत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची अवस्था ‘वेटिंग’ या सदरात गेलेली असते. पर्याय म्हणून मुंबई–गोवा महामार्गाचा विचार होतो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले असून मुलाच्या जन्माची आणि त्या कामाची साले जवळपास एकच असल्याने दोघांच्या प्रगतीची तुलना घरात अधूनमधून होत असते. शेवटी कोणाच्या तरी ओळखीने, कुठल्या तरी कोट्यातून, वसईहून कुडाळपर्यंतची तिकिटे मिळतात, पण ती तीन वेगवेगळ्या डब्यांत.

याच काळात घरात सराव सुरू होतो. स्कूबात नाक मुखवट्यात बंद असते आणि श्वास तोंडाने घ्यायचा असतो, हे व्हिडिओत पाहिल्यापासून आत्याबाई कपडे वाळत घालण्याचा चिमटा नाकाला लावून दूरदर्शन मालिका पाहू लागतात. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई येतात, दारातच थबकतात आणि “वास कसला येतोय? आमच्याकडे तर आला नाही अजून,” असे विचारून तडक खिडक्या लावायला जातात. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी नाकाला चिमटा लावलेल्या बाईचा अर्थ सहलीशी जोडला जाणे कठीणच.

प्रवासाचे वर्णन थोडक्यात आटोपलेले बरे. तीन डब्यांतील कुटुंब एकमेकांना धपाटे पोहोचवत रात्र काढते, पाण्याची बाटली ज्याच्याकडे असते त्याला तहान नसते, आणि सकाळी कुडाळला उतरल्यावर मोजणी केली जाते तेव्हा माणसे बरोबर भरतात, पण एक पिशवी जास्त निघते.

मालवणच्या समुद्रात बोटीवर चढल्यानंतर खरा पेच निर्माण होतो, कारण येथे दोन तज्ज्ञ समोरासमोर येतात. रासायनिक कारखान्यांत वायुगळतीच्या वेळी वापरण्यासाठी पाठीवर घेण्याचा जो ‘बीए सेट’, म्हणजे श्वसनसंच, असतो, तो आणि स्कूबाचा संच यांची भावकी जवळची आहे. दोन्हींत सिलिंडर, झडप, दाब दाखवणारी घड्याळासारखी तबकडी हे सारे असते, फक्त एक धुरात चालतो आणि दुसरा पाण्यात. दरवर्षी ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी मॉक ड्रिलमध्ये तो संच पाठीवर चढवून टाळ्या घेणाऱ्या सुपरवायझरला आता बोटीवरच्या कोवळ्या मालवणी प्रशिक्षकाचे शिष्यत्व पत्करायचे असते, आणि ते त्याच्याने होत नाही.

“सिलिंडरची हायड्रो टेस्ट कधी झाली?” तो विचारतो.

“झालीहा काका, घाबरूक नको.”

“घाबरत नाहीये, तारीख विचारतोय. आणि हा ऑक्सिजन म्हणताय, तर सिलिंडर काळा हवा.”

“ऑक्सिजन नाय, हवा आसा. आपली साधी हवा.”

येथे प्रशिक्षकाचे म्हणणे बरोबर आहे. हौशी डायव्हिंगच्या सिलिंडरात सहसा शुद्ध ऑक्सिजन नसतो. नेहमीचीच हवा गाळून, कोरडी करून, वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेली असते, कारण शुद्ध ऑक्सिजन थोड्या खोलीनंतर शरीराला विषारी ठरतो. ‘साधी हवा’ हे शब्द ऐकून आत्याबाईंना मात्र धक्का बसतो; एवढे पैसे मोजून साधीच हवा मिळणार असेल तर ती निदान कुठली भरली आहे हे कळावे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते, आणि ती मालवणची आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो.

पाण्यात बोलता येत नसल्याने खुणा शिकवल्या जातात. तर्जनी व अंगठा जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ‘सगळे ठीक’. हात आडवा पालथा करून डुगडुगवला की ‘काहीतरी बिघडले’. आणि अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. ही तिसरी खूण मराठी कुटुंबाच्या सहलीचा घात करण्यासाठीच योजली असावी. व्हॉट्सॲपवर बारशापासून तेराव्यापर्यंतच्या प्रत्येक निरोपाला अंगठा दाखवून मोकळे होण्याची सवय लागलेला माणूस पाण्याखाली पहिला पट्टेरी मासा दिसताच आनंदाने अंगठा उंचावतो, आणि प्रशिक्षक कर्तव्यदक्षतेने त्याला उचलून पृष्ठभागावर आणतो.

“काय झाला, काका?”

“काही नाही! मस्त आहे, म्हणत होतो.”

“मग परत जावया.”

पुन्हा बुडी, पुन्हा मासा, पुन्हा अंगठा. तिसऱ्या खेपेला प्रशिक्षक त्याचे दोन्ही अंगठे मुठीत दुमडून देतो आणि “काका, आता हात असेच ठेवा,” असे सांगतो. त्यानंतरचे समुद्रदर्शन सुपरवायझर आंदोलकाच्या मुद्रेत पार पाडतो.

खाली गेल्यावर होणारे बदल शास्त्रीयदृष्ट्या रंजक आहेत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि त्याची पहिली वार्ता कानांना लागते. ते मोकळे करण्यासाठी नाकपुड्या दाबून हलकेच फुंकायचे असते, आणि या युक्तीला वाल्साल्व्हा या जुन्या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव आहे. नाक दाबून धरण्याचा दांडगा सराव करून आलेल्या आत्याबाई या टप्प्यावर सगळ्यांच्या पुढे निघून जातात. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे फोटोत उठून दिसावा म्हणून बोईसरच्या बाजारातून खास आणलेला लालभडक टी-शर्ट थोड्या खोलीवर फळा पुसायच्या फडक्यासारखा दिसू लागतो. शिवाय प्रकाश पाण्यातून मुखवट्यातील हवेत येताना वाकत असल्याने वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या, आणि जवळही, दिसतात. मासा सांगताना तो वाढवूनच सांगावा, ही कोळीवाड्यापासून कॉलनीपर्यंत सर्वत्र पाळली जाणारी प्रथा निसर्गानेच आधी पाळली आहे, ही गोष्ट दिलासा देणारी आहे.

तथापि पाण्याखालचा मुख्य बदल वेगळाच असतो. कोणतेही स्थळ पाहताना त्याचे भाडे, पार्किंग, स्वच्छता आणि आपल्या गावच्या तत्सम स्थळापुढे ते कसे फिके आहे, यांवर अखंड बोलत राहणाऱ्या या कुटुंबाच्या तोंडात रबराची कवळी बसलेली असते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, हे सुपरवायझरला त्याच किल्ल्याभोवतीच्या पाण्यात असताना आठवते, आणि ते कोणालाही सांगता येत नाही. समोरून जाणारा मासा खातात का, खात असल्यास तळून की कालवणात, आणि वाटा कसा दिला जातो, यांपैकी एकाही प्रश्नासाठी आंतरराष्ट्रीय खूण ठरवलेली नाही. ही उणीव किनारपट्टीवरच्या माणसाला विशेष जाणवते. मासे काढणाऱ्यांसाठी आणि खाणाऱ्यांसाठी काहीही सोय न करणारी भाषा नुसते पाहणाऱ्यांनी घडवलेली असणार, हे उघड आहे. मालवणच्या समुद्राचा एक भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तरी चित्रफितीत माशांची गर्दी दिसावी म्हणून काही जण पाण्यात पाव कुस्करतात, ही पद्धत वाईट आहे, आणि आमंत्रणाशिवाय पंगतीला जमणारे पाहुणे मराठी माणसाला ओळखू येत असल्यामुळे त्या माशांकडे पाहून कुटुंबातील कोणालाही नवल वाटत नाही.

वर आल्यावर साठलेले सारे बोलणे एकदम बाहेर पडते. बोट लागून आडव्या झालेल्या मुलाला लिंबू हुंगवता हुंगवता प्रत्येकजण प्रत्येकाला तोच मासा सांगतो. दुपारी खानावळीत सुरमईचे ताट समोर येते, आणि सोलकढीची दुसरी वाटी मागत, तळलेली तुकडी बोटांनी साफ करत, सुपरवायझर निकाल देतो की हे ठीक आहे, पण आपल्या सातपाटीच्या पापलेटाची सर कशाला नाही; त्या पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला तेव्हा जणू आपलीच बढती झाली, असे त्याला वाटले होते. खानावळवाल्या काकू शांतपणे विचारतात, “मग थंयच खावचा ना? हयसर कित्याक इलात?” या प्रश्नाला ‘तळ बघायला’ असे खरे उत्तर आहे, पण ताटावर बसून ते देण्याचे धैर्य कोणालाच होत नाही.

सहलीचे फलित म्हणजे अर्थातच चित्रफीत. ती प्रशिक्षकाने मोबाइलवर पाठवलेली असते आणि घरी पोहोचण्याआधीच, वसईला गाडी थांबलेली असताना, ती कुटुंबाच्या गटावर टाकली जाते. काळा मुखवटा, तोंडात नळी आणि वर सुटणारे बुडबुडे, या अवस्थेत सगळी माणसे सारखीच दिसतात, ही बाब ह्यूस्टनहून आलेल्या अभिप्रायात प्रथम नोंदवली जाते: “मासे सुरेख आहेत. यात तुम्ही कोणते?” मग ओळख पटवण्याचे काम सुरू होते. सुपरवायझर स्वतःला पोटावरून ओळखतो. आत्याबाई प्रवाळाजवळ डौलात तरंगणाऱ्या, निर्भय आकृतीकडे बोट दाखवून “ही मी” म्हणतात, आणि कौतुकाचा वर्षाव सुरू होतो. पुण्याची मावशी, नाशिकचे काका, कारखान्यातील साहेबदेखील, ज्यांना चुकून त्याच गटात कधीतरी घेतले गेले होते, अंगठा पाठवतात. कंबरदुखीचा विषय आता सोमवारी निघणार, हे सुपरवायझरच्या ध्यानात येते.

रात्री मुलगा चित्रफीत पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहतो. शेवटी ती निर्भय आकृती बोटीवर चढते, मुखवटा काढते, आणि आत एक दाढीवाले अनोळखी गृहस्थ निघतात.

“आत्या, ही आपली क्लिपच नाहीये. दुसऱ्यांची पाठवलीय त्यांनी. काढून टाकू का ग्रुपवरून?”

आत्याबाई गटावर आलेले अभिप्राय वरपासून खालपर्यंत वाचतात, चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात.

“शेवटचं तेवढं काप,” त्या सांगतात, “बाकी असू दे.”